'अटॅक आला' म्हणायचं ठरलं होतं... आता लेकीला खरं कसं सांगू?

माळावरची (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. बारा वर्षं इथे आहे, बागकाम आणि पाककृतींच्या धाग्यांवर लिहिते, असा धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २०११ साली गेला, २९ वर्षांचा होता. कराडजवळ नदीकाठचं गाव आमचं. त्याने आत्महत्या केली. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितेय, तोंडाने तर अजून एकदाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी मोठ्या काकांनी सगळ्यांना सोप्यात बसवून सांगितलं, कोणी विचारलं तर अटॅक म्हणायचं, घरात अजून तीन पोरींची लग्नं व्हायचीत. मग दहाव्याला घाटावर, तेराव्याला, नंतर प्रत्येक लग्नात, हळदीकुंकवात, "अगं एवढ्या लहान वयात?" आणि मी "हो ना, अटॅक आला, पाच मिनिटांत संपलं सगळं". ते पाच मिनिटांत माझ्या मनाचं, मीच जोडलेलं. तसं म्हटलं की लोक पुढे विचारायचे नाहीत.

आता मुद्दा असा की माझी लेक १९ वर्षांची, पुण्यात हॉस्टेलला, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. तीन-चार महिने तिचं बरं नव्हतं, खाणं कमी, फोन उचलायची नाही, मी म्हणत होते अभ्यासाचं टेन्शन असेल. तिने आपणहून कॉलेजच्या काउन्सेलरला गाठलं, त्यांनी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्यात. आज व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, डॉक्टर विचारत होते घरात कुणाला डिप्रेशन होतं का, कुणी आत्महत्या केलीय का, मी नाही म्हटलं. बरोबर ना? मामाला अटॅकच आला होता ना?"

आणि मी हो म्हटलं. चौदा वर्षांची सवय, आपोआप निघालं तोंडातून. फोन ठेवल्यावर ओट्याला धरून उभी राहिले किती वेळ. म्हणजे माझी पोर डॉक्टरला जे खरं समजून सांगतेय ते मी शिकवलेलं खोटं आहे.

तिला सांगायचंय. पण कसं? ती आत्ताच आजारी आहे, ऐकून तिच्याच मनात काही आलं तर? आणि गावी आई आहे, ७४ वर्षांची. तिला न विचारता सांगू का?

पारिजातक (रविवार, रात्री ११:५८)

ताई, आधी एक मोठी मिठी. तुमची लेक स्वतःहून डॉक्टरकडे गेली ही केवढी मोठी गोष्ट आहे, आमच्या वेळी असं कुणी गेलं असतं तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण झालं असतं.

मला डिलिव्हरीनंतर सात महिने डिप्रेशन होतं. सासूबाई म्हणायच्या आम्ही चार चार पोरं काढली, आम्हाला नाही असली थेरं झाली. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा, त्यांना खरंच माहीत नव्हतं. औषधांची पिशवी मी तांदळाच्या डब्यात लपवायची.

जुना_जाणता (सोमवार, सकाळी ६:१५)

ताई, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो, राग मानू नका. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणून काय साधतं? तुमच्या काकांनी जे केलं ते घराच्या काळजीपोटी केलं. उद्या तुमच्या लेकीचंच स्थळ बघायची वेळ येईल तेव्हा घराण्यात असं आहे कळल्यावर लोक चार हात लांब राहतात, हे मी गावाकडे डोळ्यांनी पाहिलंय. जाणाऱ्याबद्दल मौन पाळावं, त्यात त्याचाही मान राहतो. मुलीला सांगाल तर तिच्या डोक्यात नसलेलं भरेल अशी मला भीती वाटते.

ओपीडीतला (सोमवार, सकाळी ९:०५)

मी सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात आहे, पेशंट सुरू व्हायच्या आत लिहितो.

वर जुना_जाणता काकांनी जी भीती लिहिली ती रोज ऐकतो, विचारलं किंवा सांगितलं की डोक्यात भरतं. तसं होत नाही. यावर जगभर भरपूर अभ्यास झालाय, आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार नव्याने पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात तो आधीपासून फिरतोय त्याला पहिल्यांदा ओझं खाली ठेवायला जागा मिळते. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी विचारतो, "कधी असं वाटतं का, की जगूच नये? जीव द्यावा असे विचार येतात का?" कितीतरी जण रडायला लागतात आणि म्हणतात, डॉक्टर, हे आजवर कुणी विचारलंच नाही. सोबत आलेले नातेवाईक मात्र दचकतात आणि मला खुणा करतात, हे काय विचारताय म्हणून.

फक्त विचारायचं कसं ते महत्त्वाचं. "तू तसला काही वेडेपणा तर करणार नाहीस ना?" असं विचारलं की समोरचा नाहीच म्हणणार, उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. सरळ शब्द वापरा, आणि तो हो म्हणाला तर लगेच उपदेश नको, तुझ्याकडे काय कमी आहे, आईबापाचा विचार कर वगैरे नको. कधीपासून वाटतंय, आत्ता वाटतंय का, काही ठरवलंय का, एवढं शांतपणे विचारा आणि ऐका. ठरवलंय म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताशी राहू द्यायच्या नाहीत आणि त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू नाही.

ताई, आता तुमच्या लेकीचं. घरात कुणी असं गेलं असेल तर धोका थोडा वाढतो, याचा अर्थ तिचंही तसंच होईल असा अजिबात नाही. मधुमेहासारखंच समजा, वडिलांना असेल तर मुलाची साखर आम्ही लवकर बघायला लागतो. पंचविशीच्या आतल्या मुलांना या गोळ्या सुरू केल्या की पहिले काही आठवडे लवकर लवकर बोलावतो, कारण सुरुवातीला काहींना बेचैनी वाढते आणि त्या काळात लक्ष ठेवायला लागतं. घरात आत्महत्या झालेली आहे हे माहीत असेल तर डॉक्टर जास्तच जवळून बघतील. म्हणून सांगा, आणि लवकर सांगा. जमलं तर तिच्या डॉक्टरांशी आधी बोलून, त्यांच्यासमोर सांगितलंत तरी चालेल.

वऱ्हाडी_गडी (सोमवार, दुपारी १:३०)

मी यवतमाळचा. ताई तुमचं वाचून वाटलं की तुमच्याकडं लपवतात अन् आमच्याकडं उघडं आहे तरी कोणी बोलत नाही.

आमच्या इकडं शेतकऱ्याने जीव दिला की तलाठी येते, पोलीस येते, पेपरवाले येतात, पुढारी येतात. मग फाइल चालते, पात्र का अपात्र. पात्र झालं तर घरच्यांना एक लाख. पात्र व्हायला काय लागते तर कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा, सातबारा नावावर. आता घरच्यांनी जर सांगितलं की दोन वर्षं झाले माणूस झोपत नव्हता, बोलत नव्हता, दारू वाढली होती, तर फाइल अपात्र. मग कोण सांगन? माझ्या मोठ्या भावजीच्या वेळी बहिणीला सगळ्यांनी शिकवलं की फक्त कर्जाचं बोल. कर्ज होतंच, खोटं नाही ते. पण त्याच्या आधीच्या दिवाळीपासून तो खळ्यात एकटा बसून राहायचा, लेकरांचे कपडे घ्यायला यवतमाळले आला नव्हता, हे कोणत्याच कागदावर नाही. बहिणीलाही आता ते आठवून बोलता येत नाही, इतकं ते कर्ज कर्ज पाठ झालं.

आणि बाई गेली तर ती शेतकरीच नाही, कारण सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर.

२०१५ पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताई घरोघर फिरून विचारतात झोप लागते का, उदास वाटते का. आमच्या गावची आशा सांगत होती की बापे दारातच म्हणतात मले काय धाड भरली, तू आपली लहान लेकरांचे डोस पाज. मग ती चहाला बसते, कापसाचा भाव काढते, अन् निघता निघता विचारते. तेव्हा सांगतात.

कोर्टकचेरी (सोमवार, सायं. ४:१०)

लोक गप्प बसण्यामागे पोलिसांची भीती पण मोठी असते म्हणून लिहिते. आयपीसीचं कलम ३०९ इंग्रजांच्या काळातलं, १८६० चं, जीव द्यायचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत शिक्षा. म्हणजे माणूस मरणाच्या दारातून परत आला की आपण त्याला आरोपी करायचो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू, त्याच्या कलम ११५ ने हे बदललं. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट त्याची काळजी आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ३०९ सारखं कलमच नाही, फक्त सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी तसा प्रयत्न केला तर गुन्हा राहिलाय.

तरी दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होते, हवालदार जबाबाला येतो, आणि घरचे घाबरून "चुकून झालं" असं लिहून देतात. मग डॉक्टरही त्याला अपघात समजून घरी पाठवतात आणि मनाचा इलाज राहूनच जातो. कृपा करून तसं करू नका.

अजून एक, त्याच कायद्यात कलम २१ मध्ये आहे की आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. लेकीची पॉलिसी असेल तर बघा ताई.

दूरदेशी (सोमवार, रात्री ८:२०)

मी न्यू जर्सीत. इकडे आत्महत्येचे विचार आले तर मदतीसाठी लावायचा ९८८ हा तीन आकडी नंबर २०२२ पासून आहे, शाळेच्या मुलांच्या ओळखपत्रामागे छापलेला असतो, माझ्या मुलाला तो पाठ आहे. पण आपल्या लोकांत असं काही झालं की मंडळाच्या ग्रुपवर मेसेज येतो "sudden demise" म्हणजे अचानक निधन, आणि भारतात कळवताना तोच अटॅक. सातासमुद्रापार आलो तरी तो शब्द बरोबर आणला आपण.

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री ९:४५)

भाषेचा शिक्षक आहे म्हणून मला शब्दच आधी दिसतात. आपल्या शब्दातच हत्या आहे. बाकी सगळं आडून, टोकाचं पाऊल उचललं, जीवाचं बरंवाईट केलं. आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेड्यांचा डॉक्टर. वर्गात मुलं एकमेकांना सर्रास म्हणतात ठाण्याला पाठवा याला, नागपूरकडे असतील तर नागपूरला, पुण्याकडे येरवडा. चार सरकारी मनोरुग्णालयं राज्यात, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, आणि चारही गावांची नावं शिवीसारखी वापरली आपण. ज्या पोराची आई खरोखर तिथे दाखल आहे ते पोर वर्गात काय करत असेल? माझ्या वर्गात होतं असं एक. मला दोन वर्षांनी कळलं.

पेपरातले मथळे बघा, मोबाइल दिला नाही म्हणून, क्षुल्लक कारणावरून, आई रागावली म्हणून. एवढ्याशा कारणाने कुणी जात नाही, आधी किती दिवस काय काय साचलेलं असतं. पण मथळा वाचून प्रत्येक आई मुलावर रागवायलाही घाबरते आणि खरं साचलेलं कुणी बघत नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. दिवसाला बासष्ट. यातल्या किती घरांत आत्ता अटॅक म्हणून सांगत असतील.

रातकिडा (मंगळवार, रात्री २:१२)

आजच आयडी काढला. धागा तीनदा वाचला. मला पण तसले विचार येतात. दोन महिने झाले. धंदा बसला, घरी माहीत नाही. वर डॉक्टरांनी लिहिलंय ना विचारा म्हणून, मला कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतोय. एवढंच.

पारिजातक (मंगळवार, रात्री २:१९)

दादा मी जागी आहे. बरं झालं लिहिलंत. सरळ विचारते, आत्ता जीव द्यावा असं वाटतंय का? काही ठरवलंय का? घरात आत्ता कोण कोण आहे?

१४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारचा आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलतात. आणि घरात जो कोणी आहे त्याला उठवा. धंद्याचं काही सांगू नका आत्ता, फक्त म्हणा मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ बस. मी इथेच आहे, पान उघडं ठेवून बसलेय.

रातकिडा (मंगळवार, रात्री २:३१)

ठरवलं नाहीये. पण भीती वाटतेय स्वतःची. वहिनी आहे, दादा नाईटला गेलाय. तिला कसं उठवू, काय वाटेल तिला.

वऱ्हाडी_गडी (मंगळवार, रात्री २:३४)

भाऊ उठव. माझ्या बहिणीले कोणी असं उठवलं असतं तर ती रात्रभर बसली असती. उठव रे. अन् तो नंबर पण लाव.

पारिजातक (मंगळवार, रात्री ३:०५)

दादा?

रातकिडा (मंगळवार, पहाटे ३:२२)

उठवलं. काही बोलली नाही, दिवा लावला आणि चहा टाकला. मग १४४१६ ला लावला, तिच्यासमोरच स्पीकरवर, वीस मिनिटं बोललो. वहिनी शेजारी बसलीय, तिचं म्हणणं दादा आला की तिघंही सिव्हिलला जायचं.

ओपीडीतला (मंगळवार, सकाळी ७:५०)

आत्ता वाचलं. मित्रा, फार मोठं काम केलंस. जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी असते, केसपेपर काढताना खिडकीवर मानसोपचार एवढंच सांग. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, पैशाची काळजी नको. डॉक्टरांना रात्रीचं सगळं सांग, नुसतं झोप येत नाही म्हणून परत येऊ नकोस. आणि गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत. सवय लागेल म्हणून शेजारपाजारचे घाबरवतील. उदासीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण मनाने अचानक बंद मात्र करायच्या नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, त्या आम्ही मोजून आणि थोड्याच दिवसांसाठी देतो.

जुना_जाणता (बुधवार, सकाळी ६:०५)

दोन दिवस सगळं वाचतोय. पाटीपेन्सिल सरांचं येरवड्याचं वाचल्यावर रात्री झोप लागली नाही.

माझे सख्खे चुलते सोळा वर्षं येरवड्याला होते. गावात कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, पुण्याला असतात. नोकरीला का म्हणून कुणी विचारलं तर हो म्हणायचं, हे वडिलांनी शिकवलेलं. मी नववीत असताना एकदाच वडिलांबरोबर भेटायला गेलो होतो, आईने बेसनाचे लाडू दिले होते. चुलत्यांनी लाडू हातात धरून ठेवला, खाल्ला नाही, आणि मला विचारलं, "खिलाऱ्या कसाय रे?" खिलाऱ्या आमचा बैल, तो मरून चार वर्षं झाली होती. मी वडिलांकडे बघितलं आणि म्हणालो, बरा आहे. ते हसले. परत येताना एसटीत वडील एक शब्द बोलले नाहीत आणि आम्ही पुन्हा कधीच गेलो नाही. माझं वय आता ६८. हे बायकोलाही सांगितलेलं नव्हतं, काल सांगितलं.

ताई, मी वर लिहिलं होतं की मौनात जाणाऱ्याचा मान राहतो. चुलत्यांचा नाही राहिला. लेकीला सांगा.

माळावरची (शनिवार, रात्री १०:३०)

सगळ्यांना उत्तर द्यायचंय पण आज जमेल तेवढंच लिहिते. रातकिडा दादा, कसे आहात ते इथे लिहित राहा, रोज येऊन बघते मी.

गुरुवारी गावी गेले. आईला कसं विचारायचं याची एसटीत उजळणी करत गेले आणि तिथे पोचल्यावर सगळं विसरले. रात्री ती गव्हातले खडे वेचत बसली होती, मी पण बसले ताट घेऊन. म्हटलं, आई, दादूने आत्महत्या केली हे मी सईला सांगणार आहे (नाव बदललंय). आत्महत्या हा शब्द मी मुद्दाम वापरला, ओपीडीतले डॉक्टर म्हणाले होते सरळ शब्द वापरा. आई वेचत राहिली. मग उठली आणि आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीतून, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीतून, एक कागद काढून आणला. डॉक्टरची चिठ्ठी. दादूची. मिरजेच्या एका डॉक्टरांची, एक महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या. तो एकटाच एसटीने गेला होता दाखवायला, आईला तेवढं सांगून. नऊ दिवस गोळ्या घेतल्या त्याने. मग घरात कुणाच्या तरी हाताला पाकीट लागलं, वेड्याच्या गोळ्या खातोस होय, सवय लागेल, असं झालं आणि सोडल्या. कुणी ते आईने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चौदा वर्षं मला वाटायचं की आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं. तो मदत मागायला गेला होता. एवढं तरी त्याचं खरं कुणी सांगायला हवं होतं, त्याने प्रयत्न केला होता. आई म्हणाली, "त्याचं नाव काढलं की तुम्ही सगळे उठून जायचा, मग मी पेटीशी बोलायची."

काल पुण्याला आले, हॉस्टेलजवळच्या बागेत बसून सईला सांगितलं. ती रडली, मग चिडली, इतकी वर्षं का नाही सांगितलं म्हणून, ते बरोबरच आहे तिचं. मीच विचारलं मग, तुला असे विचार येतात का. म्हणाली, मध्ये यायचे, हल्ली दोन आठवडे नाही आले, डॉक्टरांना सांगितलंय. माझे हात कापत होते पण मी ऐकत राहिले, उपदेश नाही केला. मग तिने त्या चिठ्ठीचा फोटो काढला आणि बराच वेळ मोठा करून बघत बसली. म्हणाली, मामाची औषधं काय होती ते डॉक्टरांना दाखवते.

मंगळवारी तिची अपॉइंटमेंट आहे, मी थांबणार आहे तोवर. बरोबर चल म्हणालीय, पण बाहेरच्या बाकावर बसायचं, बोलावलं तरच आत यायचं.